जास्तीचं दार

शेवटची खोली हरवली आहे, हे मापकाकांना कळलं तो दिवस मंगळवार होता आणि ते तेव्हा चहा गाळत होते.

"काका," फोनवर भाची म्हणाली, "शेवटची खोली कुठेय?"

मापकाकांनी मान वळवून बघितलं. घर तीन खोल्यांचं. बाहेरची, आतली आणि स्वयंपाकघर. तिन्ही जागच्या जागी होत्या.

"इथंच आहेत की सगळ्या," ते म्हणाले. "का गं?"

"घरातली नाही हो, गेममधली! मावशीने बारा खोल्या काढून दिल्या होत्या. तेरावी चाललीय म्हणाली होती. आणि मग..."

मग मावशी गेली. त्याला चार महिने झाले होते. ती तेरावी खोली बरोबर घेऊन गेली की मागे ठेवून गेली, एवढंच भाचीला विचारायचं होतं, पण तसं विचारायला जीभ रेटत नव्हती. मापकाका गाळत राहिले. चहा भांड्याबाहेर गेला.

मापकाकांचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासणीस होते. ते लांबून येताना दिसले की दुकानदार तराजूवरचा अंगठा काढून घेत. नोकरी संपली, नजर संपली नाही. नळ गळतोय का, दूधवाल्याचं माप बसकं झालंय का, रिकाम्या खोलीत दिवा जळतोय का, हे ते दिवसातून चार वेळा घरभर फिरून पाहत. बायकोने चाळीस वर्षं ही तपासणी सहन केली. दुकानदारांना ती वर्षातून एकदाच सोसावी लागे.

गेमची बातमी त्यांना बायको गेल्यावर कळली होती. भाची आणि तिची मैत्रीण, अशा दोघीच जणी एका टेबलावर बसून एक भुताचा गेम बनवत होत्या. पाठीशी कंपनी नाही, साहेब नाही, पगारही नाही. त्यात आपण दुसऱ्याच कुणाची तरी भूमिका घ्यायची, घरभर हिंडायचं, किल्ल्या, काड्यापेट्या असलं काहीबाही गोळा करायचं, जमेल तशी हिंमत वाढवायची आणि भुताच्या तावडीतून सुटायचं. चित्रं सगळी जुन्या पद्धतीची, चौकोनी चौकोनी.

"कॉम्प्युटर एवढे पुढे गेले, मग चित्रं मागची कशाला?" मापकाकांनी तेव्हा विचारलं होतं.

"मुद्दाम, काका. त्यातच तर मजा आहे."

ती मजा त्यांना कळली नाही. पण बायकोला कळली होती. तिचा जन्म भरतकामात गेला. जवळून पाहिलं तर नुसत्या फुल्या, लांबून पाहिलं तर पोपट. इथे जवळून पाहिलं तर नुसते चौकोन, लांबून पाहिलं तर भूत. तिच्या लेखी फरक फक्त पोपटाचा होता. वर्षभर दुपारी ती चौकटीच्या वहीत पेन्सिलीने चौकोन भरत बसायची. "काय चाललंय?" विचारलं तर "नमुना" म्हणायची. वही मापकाकांनीच आणून दिली होती, तीही एका पानावर बत्तीस उभे, बत्तीस आडवे चौकोन आहेत ना, हे दुकानातच मोजून. दुकानदाराने त्यांना पुन्हा वही विकली नाही.

"महिनाअखेरीला गेम पूर्ण करून द्यायचाय," भाची म्हणाली. "नाही सापडली तर हरकत नाही. आम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतो."

"दुसऱ्या कुणाकडून?" मापकाकांचा आवाज चढला. "बारा खोल्या हिच्या आणि तेरावी परक्याची? काही नको. मी शोधतो."

अशी सुरुवात झाली.

पहिले दोन दिवस त्यांनी कपाटं उपसली. दार उघडं राहिल्यामुळे समोरच्या वहिनी आत आल्या आणि पलंगावर बसून सूचना देऊ लागल्या.

"गेलेल्या माणसाची वस्तू शोधायची ना, तर त्याच्यासारखा विचार करावा, काका. त्या कुठे ठेवत असतील?"

"तिच्यासारखा विचार मला करता आला असता," मापकाका कपाटातून म्हणाले, "तर चाळीस वर्षांत निम्मी भांडणं झाली नसती."

इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झेरॉक्स काढून ठेवायला हवी होती." सेक्रेटरींचं हे सगळ्यावरचं औषध. पाण्याची टाकी फुटली तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी वहिनींना खरंच चांगली गोष्ट सुचली. "काय शोधताय ते तरी माहितेय का तुम्हाला? आधी तो गेम खेळून बघा. खोली कशी दिसते ते कळलं तर सापडेल ना!"

भाचीने गेम पाठवला, फोनवरून तासभर शिकवलं, आणि दुपारी तीन वाजता मापकाका भुतासमोर बसले. वहिनींनी पडदे ओढून घेतले. "उजेडात भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, म्हणजे लागलंच तर पळता येईल.

पडद्यावर एक चौकोनी बाई उभी होती, हातात काडेपेटी. बाहेरची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, वर दिवा. मापकाकांनी तिला एक पाऊल चालवलं, दुसरं चालवलं. खुर्चीखाली किल्ली मिळाली. हिंमत एकाने वाढली. दाराशी पोचताच त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून दिवा बंद केला.

खोली काळीकुट्ट झाली. अंधारातून कुणीतरी आलं, बाईला गाठलं आणि खेळ संपला.

"असं कसं?" मापकाका म्हणाले. पुन्हा सुरुवात. टेबल, खुर्ची, किल्ली, दार, बटण. पुन्हा काळोख. पुन्हा खेळ संपला. सलग चौदा वेळा त्यांची हिंमत एकाच्या वर गेली नाही. पंधराव्या वेळी त्यांनी भाचीला फोन लावला आणि गेममध्ये दोष आहे अशी रीतसर तक्रार नोंदवली.

"काका, तुम्ही दिवा का बंद करताय?"

"खोलीत कुणी नसताना दिवा कशाला?"

मग भाची म्हणाली, "ते भूत फक्त अंधारात येतं, काका. दिवे चालू ठेवत जायचं, एवढाच तर गेम आहे. आम्ही पंचवीस जणांना खेळायला दिला, एकानेही बटणाला हात लावला नाही. ते बटणच नको असं मी म्हणत होते. मावशी म्हणाली, राहू दे. एक जण दाबेल."

मापकाकांनी फोन ठेवला. आता त्यांनी भुताकडे नीट पाहायचं ठरवलं. मुद्दाम दिवा बंद केला आणि पडद्याला नाक लावलं. जवळून नुसते चौकोन. मग मान मागे घेतली.

टक्कल. दोन्ही कानांवर तीन-तीन चौकोन केस. बनियन. पट्ट्यांचा पायजमा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात घडीची फूटपट्टी. भुताने बाईला गाठलं आणि खाली चौकोनी अक्षरं उमटली: "कुणी लावून ठेवला होता हा दिवा?"

"अय्या!" वहिनी खुर्चीतून उठल्या. "चालणंसुद्धा तस्संच!"

"काही तसंच नाहीये," बनियनवर शर्ट चढवत मापकाका म्हणाले.

मनुष्याला आयुष्यात बरेच अपमान सोसावे लागतात. मापकाकांना एकदा कोळशाच्या वखारीत कोंडून घातलं होतं, एकदा त्यांच्याच सायकलची हवा त्यांच्याच कचेरीत सोडली होती. पण आपण आणून दिलेल्या वहीत, आपण करून दिलेल्या टोकाच्या पेन्सिलीने, शेजारच्या खोलीत बसून आपलं भूत केलं जातं आणि आपण तिथूनच "नमुना कुठवर आला?" म्हणून विचारतो, याला काय म्हणावं? राग धरायला माणूस समोर लागतो. ते रागावून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. दोन्ही वेळा कुणी नव्हतं. दुसऱ्या वेळी दिवा बंद करायचा राहिला.

पण एक गोष्ट त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आली. गेममधल्या टेबलापासून भिंतीपर्यंत आठ चौकोन होते. त्यांनी खरी फूटपट्टी काढून खऱ्या टेबलापासून भिंतीपर्यंत मोजलं. आठ फूट. खिडकी चार चौकोन, चार फूट. हिने घराचंच माप घेतलं होतं. आतल्या बाजूला मनाच्या खोल्या जोडल्या होत्या, पण पाया आपल्याच घराचा होता. आणि अशा चौकटीच्या कागदावर घराचा अख्खा नकाशा आपण कुठेतरी पाहिलाय, असं त्यांना वाटायला लागलं.

पाहिलाय कसला, दिलाय!

घर बायकोच्या नावावर होतं. ते आपल्या नावावर करून घ्यायला मापकाकांनी दोन महिन्यांपूर्वी कचेरीत अर्ज केला होता. त्याला घराचा नकाशा जोडायचा होता. तिच्या खणात चौकटीच्या कागदावर सुबक नकाशा मिळाला. त्यांनी टेप लावून एकूण एक भिंत ताडून पाहिली, इंचाचा फरक निघाला नाही. किती दिवसांनी डोळ्यांना पाणी आलं होतं तेव्हा! हिने जाण्याआधी नकाशासुद्धा करून ठेवला, म्हणून. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "सदर नकाशा आमच्या घराचा असून मोजमाप मी स्वतः तपासले आहे," आणि सही ठोकली.

भाचीला विचारलं तेव्हा ती किंचाळलीच. "तोच काका, तोच! नकाशाच्या पाठीमागे शेवटची खोली काढतेय म्हणाली होती. पाठ बघितली नाहीत?"

मापकाकांनी पाठ बघितली नव्हती. वजनाची खालची बाजू तपासल्याशिवाय चौतीस वर्षांत त्यांनी एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता.

कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी फाइल काढली, चाळली आणि चष्म्यावरून बघितलं.

"बरं झालं आलात. तुमच्या फाइलवर हरकत आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला दार दाखवलंय तुम्ही. आमच्या नोंदीत तिथे दार नाही."

मापकाकांनी पाहिलं. दार होतं. भिंती मोजताना त्यांनी लांबी बघितली, रुंदी बघितली. दारं मोजायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"आणि दाराबाहेर पायऱ्या," बाई म्हणाल्या.

"बाई, तो नकाशा माझ्या घराचा नाही. भुताच्या घराचा आहे."

बाईंनी कागद त्यांच्याकडे फिरवून काचेआडून दाखवला. "ही सही तुमची?"

"माझीच."

"स्वतः तपासलंय म्हणून लिहिलंय, ते अक्षर?"

"माझंच."

"मग आता भुताचं म्हणताय, म्हणजे खोटं माप लिहून दिलंत?"

खिडकीच्या रांगेत मागे एक म्हातारा दुकानदार उभा होता. त्याने मापकाकांना ओळखलं आणि इतक्या आनंदाने हसला की त्याला ठसका लागला.

"खोटं माप दिलं असेल तर त्याचा अर्ज वेगळा," बाई समजुतीने म्हणाल्या. "नसेल तर पाहणी होईल. पाहणी होईपर्यंत फाइलमधला कागद बाहेर निघत नाही."

"मला पाठ तरी बघू द्या."

"पाठीचा अर्ज वेगळा."

मापकाकांनी पाहणी पत्करली. खोट्या मापाच्या अर्जावर सही करायला त्यांचा हात वळला नसता.

महिना संपायला नऊ दिवस असताना पाहणी अधिकारी आला. तरुण, घामाघूम, हातात टेप. मागोमाग वहिनी, सेक्रेटरी आणि जिन्यात उभं राहायला निमित्त शोधणारे आणखी सहा जण. अधिकाऱ्याने फाइलीतल्या नकाशाप्रमाणे सगळं घर मोजलं.

"माप चोख आहे हो," तो म्हणाला. मापकाकांना बरं वाटलं, पण थोडाच वेळ. अधिकारी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर टकटक करत होता. "दार कुठे बुजवलंत?"

"कुठेच नाही. नव्हतंच."

"पलीकडे काय आहे?"

"हवा. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत."

"मग पायऱ्या?"

"बाहेरून पायऱ्या काढायला परवानगी नाही!" सेक्रेटरी जिन्यातून ओरडले. "आमच्याकडे अर्जच आलेला नाही!"

"अहो, पायऱ्याच नाहीत तर अर्ज कशाचा करू?"

"तरी झेरॉक्स काढून ठेवायला हवी होती," सेक्रेटरी म्हणाले.

मग मात्र मापकाकांचा बांध फुटला. त्यांनी अधिकाऱ्याला दंडाला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "बसा इथे. खेळा. आणि दार सापडलं तर मलाही दाखवा."

अधिकाऱ्याने आधी कर्तव्य म्हणून दोन बटणं दाबली. मग टेप खाली ठेवला. मग वरचं बटण काढून कॉलर मोकळी केली. तो एकामागून एक दिवे जळते ठेवत निघाला, आणि प्रत्येक दिव्यागणिक मापकाकांचा हात बटणाकडे जात होता. "अहो, तो एक तरी बंद करा," ते दोनदा म्हणाले. पाऊण तासात गडी बाराव्या खोलीत पोचला. मध्येच एकदा काडेपेटी संपली, अंधार झाला, भूत आलं. अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग वळून मापकाकांकडे पाहिलं.

"हे..."

"हो," मापकाका म्हणाले. "पुढे चला."

बारावी खोली म्हणजे स्वयंपाकघर. मागच्या भिंतीत दार. जिन्यातली माणसं आता आत येऊन खुर्चीमागे उभी होती. अधिकाऱ्याने तेरावी किल्ली लावली. दार उघडलं नाही. खाली अक्षरं आली: "ही खोली अजून झालेली नाही."

सेक्रेटरींनीसुद्धा झेरॉक्सचं नाव काढलं नाही.

अधिकाऱ्याने तिथेच बसून अहवाल लिहिला: "सदर दार जागेवर आढळून आले नाही. खेळात आढळले, परंतु उघडत नाही. हरकत राहत नाही." मग त्याने मापकाकांकडून त्यांनी स्वतः काढलेला, बिनदाराचा नवा नकाशा घेतला आणि जुना कागद फाइलीतून सोडवून त्यांच्या हातात दिला. "झाली की कळवा," तो जाताना हळूच म्हणाला. "खोली."

कागदावर गोल शिक्का बसला होता, वर नोंदीचा नंबर होता आणि पंचने दोन भोकं पाडली होती. मापकाकांनी माणसं बाहेर घालवली, दार लावलं आणि कागद उलटा केला.

बत्तीसपैकी अकरा ओळी भरलेल्या होत्या. वर खिडकी. मध्ये दिवा, जळता. दिव्याच्या बाजूला समासात भाचीसाठी पेन्सिलीने लिहिलेली सूचना: "हा दिवा बंद होत नाही. यांनी कितीही वेळा बटण दाबलं तरी." दिव्याखाली, शेवटच्या तीन ओळींत, शेजारी शेजारी दोन डोकी सुरू झाली होती. एक टकलं, कडेला केसांचे चौकोन. दुसरं काळं, मागे अंबाडा. तिथे पेन्सिल थांबली होती.

मापकाका कागद घेऊन खिडकीपाशी गेले, परत आले. हातात टॉर्च येण्याआधीच टकल्याला खाली बसवायचा विचार दिसत होता. कारण डोकी दोन्ही सारख्या उंचीवर होती, आणि उभं राहिलं तर मापकाका बायकोपेक्षा सव्वा फूट उंच.

"सापडली," त्यांनी भाचीला सांगितलं. "अर्धी."

"खाली काय काढायचं होतं, बोलली होती का मावशी तुमच्याशी?"

"नाही."

"मग काका, आमच्या ओळखीची एक मुलगी आहे, तिला नुसतं खालचं..."

"मी काढतो."

"तुम्ही? तुम्हाला चित्र येतं?"

"चित्र नाही येत. चौकोन मोजता येतात."

तीन दिवस ते बसले. वहिनी दुपारी येऊन मागे उभ्या राहायच्या. "टेबलावर कप ठेवा ना दोन," त्यांनी सुचवलं. कप ठेवले, प्रत्येकी तीन चौकोन. "काका, तुम्ही स्वतःला बारीक काढलंय." "मापात आहे," मापकाका म्हणाले. खुर्च्या झाल्या, टेबल झालं, बनियन झालं, पट्ट्यांचा पायजमा झाला. फूटपट्टी घडी करून टेबलावर ठेवली. टॉर्च काढलीच नाही. तिची साडी झाली, हात झाले, हातात पेन्सिल झाली. पेन्सिलीला एक चौकोन पुरला.

मग त्यांनी भिंतीवरची तिची तसबीर उतरवली आणि फूटपट्टी लावली. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं मिलिमीटरमध्ये मांडून हिशोब केला. रुंदी सात चौकोन, उंची आठ. कागदावर ते बरोबर आलं. काढून पाहिलं, तर जवळून चौकोन होते आणि लांबूनही चौकोनच होते. खोडलं. हसती काढली, खोडली. "कुणी लावून ठेवला" म्हटल्यावर ती जशी वर बघायची तशी काढायला गेले. ते तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते तेव्हा दिव्याकडे बघत असत. आता तिथला कागद खोडून खोडून पातळ झालाय.

"एवढं काय त्यात," वहिनी म्हणाल्या, "दोन डोळे, एक नाक." मग त्यांनी पातळ झालेला कागद पाहिला आणि जाताना पडदे उघडून गेल्या.

महिना संपायला सहा दिवस आहेत. भाचीचे दोन फोन येऊन गेले. कागद टेबलावर आहे, पेन्सिलीला टोक केलेलं आहे आणि बाहेरच्या खोलीतला दिवा सकाळपासून चालू आहे. बाकी सगळी खोली झाली. तिच्या चेहऱ्याचे छप्पन चौकोन भरायचे राहिले आहेत.